जमीन ओळखणारी माणसं

क्रिकेटची खेळपट्टी नाशिकला बावीस यार्डांची असते आणि लॉर्ड्सवरही बावीस यार्डांचीच. कबड्डीचं मैदान आखायला टेप आणि चुन्याची फक्की पुरते. गोल्फचं तसं नाही. होलचा व्यास सव्वाचार इंच, बस्स, एवढं एक माप जगभर सारखं. ते होल समुद्रकाठच्या वाळूत असेल, पाइनच्या रानात असेल, नाहीतर दिल्लीत एखाद्या मकबऱ्याच्या सावलीत. टीपासून, म्हणजे पहिला फटका मारायच्या जागेपासून, ते किती लांब असावं, वाटेत नाला असावा की टेकाड, ग्रीनला, म्हणजे होलभोवतीच्या आखूड गवताला, उतार कुठल्या बाजूला असावा, हे सगळं त्या त्या जमिनीवर सोडलेलं. टीपासून होलपर्यंतच्या अख्ख्या टप्प्यालाही होलच म्हणतात. असे होल अठराच का, तर १७६४ साली स्कॉटलंडमधल्या सेंट अँड्र्यूजच्या मंडळींनी आपल्या कोर्सवरचे सुरुवातीचे चार होल जोडून दोन केले आणि त्यांची एक फेरी अठराची झाली. पुढे सगळ्या जगाने तोच आकडा उचलला.

म्हणून गोल्फ म्हटलं की मला खेळाडूंच्या आधी कोर्स आठवतात. कोण जिंकलं याचा कधी कधी घोळ होतो, पण कुठल्या होलवर काय झालं ते पक्कं लक्षात राहतं.

आमच्या नाशकात ज्याला सगळे गोल्फ क्लब मैदान म्हणतात, तिथे रणजीचे सामने होतात आणि पहाटे निम्मं शहर चालायला येतं. हुतात्मा अनंत कान्हेरे मैदान हे त्याचं आजचं नाव, आणि ते फार योग्य आहे. गोल्फ मात्र तिथे मी कधी पाहिला नाही. तो माझ्यापर्यंत आला टीव्हीवरून, घरातले सगळे झोपल्यावर. मास्टर्स या अमेरिकेतल्या मोठ्या स्पर्धेचा शेवटचा रविवार आपल्याकडे सोमवारच्या पहाटे साडेचारच्या सुमारास संपतो. एवढ्या रात्री जागून एखादा खेळ पाहायचा म्हणजे त्यात काहीतरी धरून ठेवणारं असावंच लागतं. मला धरून ठेवलं ते जमिनीने. हा खेळ ताकदीचा आहे, पैशाचा आहे, मनाच्या घट्टपणाचा आहे, हे सगळं खरंच. पण शेवटी जिंकतो तो पायाखालची जमीन ज्याने ओळखली तो. आणि व्यावसायिक गोल्फ आज ज्या दिशेने चाललंय, त्यात सगळ्यात आधी ही ओळखच मोडीत निघेल की काय, ही माझी काळजी आहे.

सेंट अँड्र्यूजच्या ओल्ड कोर्सवर मी रविवारी गेलो होतो, मुद्दाम रविवारीच. एखादी मोठी स्पर्धा नसेल तर त्या दिवशी तिथे गोल्फ बंद असतो आणि कोर्स गावाची बाग होतो. जगातला सगळ्यात नामांकित कोर्स आणि त्याला कुंपण नाही, दारावर कुणी विचारायला नाही. माणसं कुत्री घेऊन फिरतात, बाबागाड्या ढकलतात, पहिल्या आणि अठराव्या होलचे फेअरवे, म्हणजे टी आणि ग्रीनमधले गवताचे पट्टे, आडवे कापत जाणाऱ्या छोट्या रस्त्याने समुद्रावर जातात. ही जमीन गावाची आहे. १५५२ च्या एका सनदेत तिथल्या आर्चबिशपने गावकऱ्यांचा या वाळवंटी कुरणावर खेळायचा हक्क मान्य केला होता, आणि त्याच सनदेत सशांचीही गोष्ट आहे. समुद्र आणि शेतजमीन यांच्या मधली ही पट्टी. नांगराला निरुपयोगी, म्हणून मेंढ्यांना, सशांना आणि खेळणाऱ्यांना मोकळी. वाऱ्यापासून आडोसा म्हणून मेंढ्या जिथे बसत तिथे गवत जाऊन वाळूचे खड्डे झाले, तेच पुढे बंकर ठरले, असं तिथे परंपरेने सांगतात. आज ओल्ड कोर्सवर ११२ बंकर आहेत, आणि टीवर उभं राहिलं तर त्यातले कितीतरी दिसतच नाहीत.

टीव्हीवर हे मैदान सपाट वाटतं. तिथे चालायला लागलं की पाऊल कधी घोट्यापर्यंत खाली जातं, कधी अचानक वर येतं. एकही पाऊल दुसऱ्यासारखं पडत नाही. गवत इतकं आखूड आणि खालची वाळू इतकी घट्ट, की चेंडू पडला की पळतो. फेअरवेवरचा लहानसा उंचवटा त्याला वीस पावलं बाजूला नेऊ शकतो.

सतराव्या होलचा बंकर, रोड होल बंकर, मी काठावर बसून बराच वेळ पाहिला. आकाराने तो अगदी लहान आहे. समोरची भिंत गवताच्या चौकोनी ढेपा विटांसारख्या रचून उभी केलेली, जवळजवळ सरळ. पण त्या बंकरची खरी करामत आत नाहीच, बाहेर आहे. भोवतालची सगळी जमीन हळूच त्याच्याकडे उतरते. ग्रीनच्या कडेने निर्धास्त जाणारा चेंडूही शेवटच्या दोन-तीन हातांत वळतो आणि आत पडतो. ग्रीन अरुंद, तिरकं, त्याच्या पलीकडे डांबरी रस्ता आणि रस्त्यापलीकडे दगडी भिंत. डावीकडे चुकलात तर वाळू, जोरात मारलात तर रस्ता. १९७८ च्या ओपनमध्ये, म्हणजे ब्रिटिश ओपन स्पर्धेत, जपानचा टॉमी नाकाजिमा या होलच्या ग्रीनवर पोचला होता. त्याचा पट, म्हणजे ग्रीनवरचा जमिनीलगतचा फटका, उतारावरून घरंगळत बंकरमध्ये गेला, आणि तिथून बाहेर पडता पडता त्या होलवर त्याचे एकूण नऊ फटके झाले. १९८४ साली टॉम वॉटसनचा चेंडू रस्ता ओलांडून भिंतीपाशी जाऊन थांबला, तेव्हाच अठराव्या ग्रीनवर सेव्ह बायेस्टेरोसने बर्डी केली, म्हणजे नेमलेल्यापेक्षा एक फटका कमी घेतला, आणि मूठ हवेत उंचावत तो नाचला. मी ते सगळं फक्त चित्रफितींत पाहिलंय. पण ग्रीन आणि भिंत यांमधलं अंतर पायांनी मोजल्यावर वॉटसनला किती कमी जागा होती ते अंगावर आलं.

या मैदानाशी बॉबी जोन्सचं जे झालं त्याच्याइतकी सुंदर गोष्ट गोल्फच्या इतिहासात मला दुसरी माहीत नाही. १९२१ साली हा एकोणीस वर्षांचा अमेरिकन पोरगा ओल्ड कोर्सवर पहिल्यांदा ओपन खेळायला आला. तिसऱ्या फेरीत अकराव्या होलच्या बंकरमध्ये अडकला आणि वैतागून त्याने तिथेच स्पर्धा सोडून दिली. त्याला ते मैदान पटलंच नाही. पण तो परत आला. १९२७ ची ओपन त्याने इथेच जिंकली, १९३० ची ब्रिटिश अमॅच्युअरही इथेच. त्या वर्षी त्याने चारही मोठ्या स्पर्धा जिंकल्या आणि अठ्ठाविसाव्या वर्षी स्पर्धांमधून निवृत्त झाला. १९५८ साली गावाने त्याला आपलं मानद नागरिकत्व दिलं. तोवर मज्जारज्जूच्या आजाराने त्याचे पाय जवळपास गेले होते. त्या समारंभात तो म्हणाला की आयुष्यातून सेंट अँड्र्यूज सोडून बाकी सगळं वजा केलं तरी माझं आयुष्य भरलेलंच राहील. ज्या जमिनीने हाकलून दिलं तिला समजून घ्यायला त्याने वर्षं दिली, आणि समजल्यावर तिच्यावर एवढा जीव लावला.

२०२२ ची ओपन मी टीव्हीपुढून हललो नाही. दीडशेवी ओपन, ओल्ड कोर्सवर, उन्हाळा कोरडा असल्याने मैदान करपून तांबूस झालेलं. मला तर ते हिरव्यापेक्षा देखणं वाटलं. रोरी मॅकइलरॉय शेवटच्या दिवशी आघाडीवर होता. त्याने त्या फेरीत अठराच्या अठरा ग्रीन नेमलेल्या फटक्यांत गाठले आणि प्रत्येकावर दोन पट घेतले. चूक म्हणावी अशी एकही नाही. आणि तो तिसरा आला! ऑस्ट्रेलियाच्या कॅमेरॉन स्मिथने शेवटची फेरी ६४ फटक्यांत संपवली आणि ओपन जिंकली. सतराव्यावर त्याचा चेंडू अशा जागी होता की त्याच्या आणि होलच्या बरोबर मधे तो बंकर. दुसऱ्या कुणी वेज, म्हणजे चेंडू उंच उडवणारी काठी, काढून चेंडू बंकरवरून उडवला असता. स्मिथने ग्रीनवर चेंडू ढकलायची काठी, पटर, काढला. बंकरला वळसा घालून, भोवतालच्या चढउतारांचा अंदाज घेत, त्याने चेंडू जमिनीवरूनच ग्रीनवर चढवला आणि मग दहा फुटांवरून पार, म्हणजे होलच्या नेमलेल्या फटक्यांचा हिशेब, वाचवला. पावसाचं पाणी कुठून उतरेल हे नुसतं बांधावर उभं राहून सांगणारा शेतकरी असतो ना, तशी नजर होती ती. मॅकइलरॉयसाठी जीव तुटत होता, तरी त्या एका पटसाठी मी स्मिथला सगळं माफ केलं.

त्याच मैदानावर २००० साली टायगर वुड्स चार दिवस खेळला आणि एकदाही बंकरमध्ये गेला नाही. आठ फटक्यांनी जिंकला. लोक त्याच्या ताकदीबद्दल बोलतात. मला ११२ बंकरांमधून चार दिवस काढलेली ती वाट जास्त मोठी वाटते.

अमेरिकेतलं ऑगस्टा नॅशनल याच्या अगदी उलट. तिथे सगळं बंद दारांमागे. जोन्सनेच क्लिफर्ड रॉबर्ट्सबरोबर हा क्लब काढला, अलिस्टर मॅकेंझीबरोबर आखणी केली, १९३४ पासून तिथे मास्टर्स होते. आधी ती जागा झाडांची रोपवाटिका होती, म्हणून प्रत्येक होलला एकेका झाडाचं नाव. पण १९७५ पर्यंत एकही कृष्णवर्णीय खेळाडू मास्टर्स खेळला नव्हता. ली एल्डर पहिला. खेळाडूंच्या पिशव्या वाहणारे कॅडी मात्र तोवर सगळे कृष्णवर्णीयच. पहिला कृष्णवर्णीय सभासद १९९० साली आणि पहिल्या स्त्री सभासद २०१२ साली. हे सगळं माहीत असूनही एप्रिलमध्ये मी पहाटेपर्यंत जागतो, कारण बारावा होल. लांबी १५५ यार्ड. व्यावसायिकांसाठी हा फटका म्हणजे काहीच नाही. पण समोर नाला, त्यामागे तिरका, जेमतेम जाडीचा ग्रीन, आणि उंच झाडांमध्ये घुमणारा वारा, जो टीवर एक सांगतो आणि ग्रीनवर दुसरंच करतो. २०१६ साली जॉर्डन स्पीथने इथे दोन चेंडू पाण्यात घालून सात फटके घेतले आणि हातातली मास्टर्स गेली.

२०१९ च्या रविवारी फ्रान्सेस्को मोलिनारी दोन फटक्यांनी पुढे होता. बाराव्यावर त्याचा चेंडू पाण्यात गेला. त्या दिवशी केप्का, पोल्टर, फिनाउ यांचेही इथेच पाण्यात गेले. झेंडा उजवीकडे होता आणि सगळ्यांना तोच खुणावत होता. टायगरने झेंड्याकडे पाहिलंच नाही. त्याने ग्रीनच्या डावीकडे, बंकरवरून, निमूट मधोमध चेंडू टाकला, दोन पट घेतले आणि पुढे गेला. त्रेचाळिसाव्या वर्षी, पाठीच्या शस्त्रक्रियांनंतर, पंधरावी मेजर (वर्षातल्या चार सर्वांत मोठ्या स्पर्धांना मेजर म्हणतात). आमच्या घरात तेव्हा मध्यरात्र झाली होती आणि मी एकटाच उभा राहून टाळ्या वाजवत होतो. त्या फटक्यात दाखवायला काहीच नव्हतं, आणि तरी माझ्या लेखी त्या दिवशीचा सर्वांत मोठा फटका तोच.

आता काळजीकडे येतो. चेंडू फार लांब जायला लागलाय. नवे ड्रायव्हर (सगळ्यात लांब मारायच्या काठ्या), नवे चेंडू, व्यायामशाळेत घडवलेली शरीरं, यांमुळे तीनशे वीस यार्ड ही आता मोठी बाब राहिलेली नाही. एवढ्या लांब उडणाऱ्या चेंडूला खालच्या जमिनीशी कर्तव्यच उरत नाही. ज्या बंकरांनी शंभर वर्षं माणसांना विचार करायला लावलं, त्यांच्यावरून तो बिनधास्त जातो. मग कोर्सवाले टी मागे नेतात. २०१० च्या ओपनसाठी ओल्ड कोर्सच्या सतराव्याची टी चाळीसेक यार्ड मागे नेली, आणि ती गेली जुन्या रेल्वेमार्गाच्या पलीकडे, सरावाच्या मैदानात. म्हणजे होल सुरूच होतो कोर्सच्या बाहेर! ऑगस्टाने शेजारच्या क्लबकडून जमीन विकत घेऊन २०२३ साली तेरावा होल ३५ यार्डांनी लांबवला. ज्यांच्याकडे असे पैसे आणि अशी जमीन नाही, त्या जुन्या कोर्सनी काय करायचं?

चेंडूचं हे भांडण नवं नाही. एकोणिसाव्या शतकात चामड्याच्या पिशवीत उकडलेली पिसं ठासून चेंडू करत. ऍलन रॉबर्टसन हा सेंट अँड्र्यूजचा मोठा चेंडूवाला, आणि टॉम मॉरिस त्याच्याकडे कामाला. गटापर्चाचे, म्हणजे झाडाच्या सुकवलेल्या चिकाचे, स्वस्त चेंडू आले आणि त्यावरून दोघांचं बिनसलं. मॉरिस प्रेस्टविकला गेला आणि पुढे परत येऊन याच ओल्ड कोर्सचा रखवालदार झाला. चार वेळा ओपन जिंकली, शेवटची १८६७ साली, वयाच्या सेहेचाळिसाव्या वर्षी. इतक्या वयाचा विजेता ओपनला अजून दुसरा मिळालेला नाही. गटापर्चाने मात्र खेळ स्वस्त केला, साध्या माणसाच्या हातात दिला. आजचा चेंडू नेमकं उलटं करतोय, मैदान महाग करतोय. म्हणून डिसेंबर २०२३ मध्ये आर अँड ए आणि यूएसजीए या गोल्फचे नियम ठरवणाऱ्या संस्थांनी चेंडूचा पल्ला कमी करणारा नियम जाहीर केला तेव्हा मला मनापासून आनंद झाला. मोठे खेळाडू आणि चेंडू बनवणाऱ्या कंपन्या नाराज आहेत. असू देत.

नियमाशिवायही हे साधतं, त्याचा पुरावा आपल्या दिल्लीत आहे. दिल्ली गोल्फ क्लबवर फेअरवे अरुंद आणि दोन्ही बाजूंना काटेरी दाट झुडपं. चेंडू आत गेला की गेला. मधून लोदी-मुघल काळातले मकबरे उभे, लाल बंगला तर क्लबच्या खेटूनच. ऑक्टोबर २०२५ मध्ये मॅकइलरॉय तिथे खेळायला आला. त्याच वर्षी ऑगस्टा जिंकून चारही मेजर पूर्ण केलेला, जगातल्या सगळ्यात लांब मारणाऱ्यांपैकी एक. त्याने ड्रायव्हर पिशवीतच ठेवला नाही. काही गरजच नव्हती. स्पर्धा जिंकली टॉमी फ्लीटवूडने, जो चेंडूला हवं तिथे ठेवण्यासाठी ओळखला जातो.

हे मैदान आधी कुणी ओळखलं होतं, तर तिथल्या कॅडींनी. दिल्लीत कॅडी म्हणून वाढलेल्या अली शेरने १९९१ साली इंडियन ओपन जिंकली. ती जिंकणारा तो पहिला भारतीय व्यावसायिक, आणि दोन वर्षांनी त्याने ती पुन्हा जिंकली. एसएसपी चौरसियाचे वडील रॉयल कलकत्ता क्लबवर ग्रीनची निगा राखायचे. १८२९ सालचा तो क्लब, ब्रिटिश बेटांबाहेरचा सगळ्यात जुना. पोरगा तिथेच वाढला, कॅडी झाला, लोकांचं पाहून शिकला. अंगापिंडाने लहान, फटका आखूड, पण ग्रीनच्या आसपास त्याच्या हातात जादू. २००८ साली दिल्लीत त्याने इंडियन मास्टर्स जिंकली, ती युरोपियन टूरची स्पर्धा होती. नंतर इंडियन ओपन लागोपाठ दोनदा, २०१६ आणि २०१७, त्यातली दुसरी सात फटक्यांनी. पुण्यात जन्मलेला अनिर्बान लाहिरी मला प्रिय आहे, २०१५ च्या पीजीए चॅम्पियनशिपमध्ये तो संयुक्त पाचवा आला तेव्हा मी नाचलो होतो. तरी भारतीय गोल्फमधला माझा माणूस कोण, असं विचारलं तर मी चौरसियाचं नाव घेईन.

कारण मुंबईतही तीच गोष्ट चालू आहे, फक्त तिला ट्रॉफी नाही. चेंबूरच्या बॉम्बे प्रेसिडेन्सी क्लबच्या आसपासच्या वस्तीत राहणारे कॅडी लोखंडी सळ्या वाकवून काठ्या करतात आणि प्लास्टिकच्या चेंडूने गल्लीत गोल्फ खेळतात. भिंती, गटारं, पत्रे, वाळत घातलेले कपडे हे त्यांचे अडथळे. उतार, उसळी, कोन, सगळं नजरेत बसलेलं. दिवसभर दुसऱ्याच्या पिशव्या वाहून ग्रीनच्या रेषा सांगणारी ही पोरं भिंतीच्या आत स्वतः किती वेळा खेळतात? सेंट अँड्र्यूजच्या त्या उघड्या रविवारी मला हीच पोरं आठवत होती, आणि राग येत होता. आपल्या क्लबांनी आठवड्यातली एक सकाळ त्यांना द्यावी. काहीच बिघडणार नाही, आणि न जाणो, त्यातून दुसरा चौरसिया निघेल.

लांब मारता आलं नाही तर जागतिक पातळीवर टिकता येत नाही, असं कुणी म्हटलं की मी अदिती अशोकचं टोकियो ऑलिम्पिक सांगतो. त्या शनिवारी सकाळी अख्खा देश बर्डी आणि पार म्हणजे काय ते विचारत टीव्हीसमोर बसला होता. अंतराच्या बाबतीत ती स्पर्धेत पार तळाशी होती. बरोबरच्या खेळाडू तिच्या कितीतरी पुढून दुसरा फटका मारायच्या. ती हातात लांब काठी घेऊन लांबून ग्रीन गाठायची आणि मग पटने हिशेब चुकता करायची. पदक एका फटक्याने हुकलं. चौथी.

एलआयव्ही या नव्या व्यावसायिक गोल्फ मालिकेबद्दल मी थोडक्यातच बोलेन. २०२२ साली सौदी पैशावर ती सुरू झाली, अनेक नामवंत गेले, स्मिथसुद्धा ओपन जिंकून काही आठवड्यांत गेला. मला वाईट वाटलं, खेळाडूंवर राग नाही. राग आहे तो या समजुतीवर की मोठी नावं आणि मोठ्या रकमा एकत्र आणल्या की गोल्फ तयार होतो. त्यांच्या स्पर्धा मी पाहिल्या. एकही होल आठवत नाही. आणि खरं सांगायचं तर पीजीए टूर या जुन्या अमेरिकी मालिकेच्याही निम्म्या स्पर्धांचं तेच आहे: कोर्स हिरवेगार, गुळगुळीत, तळी सारख्याच जागी, कुठे चाललेत ते नाव वाचल्याशिवाय कळू नये.

२०२७ च्या जुलैमध्ये ओपन पुन्हा ओल्ड कोर्सवर आहे. त्यासाठी काही टी आणखी मागे नेण्याचं जाहीर झालंय, आणि ते मला अजिबात आवडलेलं नाही. पण त्याच आराखड्यात सोळाव्या होलबद्दल एक गोष्ट आहे. तिथे फेअरवेच्या मधोमध प्रिन्सिपल्स नोज नावाच्या बंकरांचा घोळका आहे. पूर्वी त्याच्या डावीकडूनही एक वाट होती. ती काळाच्या ओघात बुजली, आणि सगळे एकाच बाजूने खेळू लागले. ती जुनी वाट आता पुन्हा रुंद करून खुली करणार आहेत. म्हणजे शेवटच्या रविवारी, एका फटक्याने पुढे असलेला कुणीतरी सोळाव्याच्या टीवर उभा राहील आणि त्याला उजवी की डावी ते ठरवावं लागेल. तो काय करतो, ते मला पाहायचंय.